पारा, सोनं आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं, घर सोनाराचं. ओसरीच्या कोपऱ्यात वडिलांची बैठक होती. फुंकणी, मूस, टाकणखाराची (बोरॅक्सची) डबी, आणि कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर जाड काचेच्या बाटलीत पारा. बाटली शाईच्या दौतीएवढी, पण लहानपणी एकदा उचलायला गेले तर हातातून निसटलीच असती, इतकी जड. पुढे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि त्या बाटलीचा अर्थ हळूहळू कळत गेला. जगभरच्या छोट्या सोनेखाणींत पारा कसा वापरतात आणि तो कमी कसा करता येतो, यावर मी गेली काही वर्षं बोलते, लिहिते. फोंड्यात, म्हापशात, डिचोलीत कुठेही गेले तरी लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

गोव्यात सोन्याची खाण नाही. मग हा विषय आपल्याकडे कशाला?

खाण नाही, पण सोनं आहे. लग्नात, मुंजीत, बारशाला आपण जे सोनं घालतो ते कुठल्या तरी जमिनीतून निघालेलं असतं. भारत आपल्याला लागणारं जवळजवळ सगळं सोनं बाहेरून आणतो. त्यातलं काही पेरू, घाना यांसारख्या देशांतून अर्धवट शुद्ध केलेल्या विटांच्या रूपात येतं, आणि त्या देशांत छोट्या खाणींचं जाळं फार मोठं आहे. आपल्यातले कितीतरी जण गल्फमधून सोनं आणतात. आफ्रिकेतल्या सोन्याचा मोठा वाटा दुबईच्या बाजारातूनच पुढे जातो.

दुसरं कारण अधिक जवळचं आहे. खाण म्हणजे काय, ती गावाला काय देते आणि काय नेते, हे लोहखनिजाच्या खाणी पाहिलेल्या डिचोली, सत्तरी, सांगेच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लाल चिखलाने भरलेली शेतं आपण पाहिली आहेत, आणि खाण बंद झाल्यावर अंगणात गंजत उभे राहिलेले ट्रकही. म्हणून या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे, असं मला मनापासून वाटतं.

छोटी सोनेखाण म्हणजे नेमकं काय?

कंपनीची खाण नव्हे. आठ-दहा माणसं, कधी एकच कुटुंब, हातात पहार, घमेलं, फार तर एखादा पंप आणि दगड दळायची छोटी गिरणी. कुठे नदीची वाळू धुतात, कुठे विहिरीसारखा खड्डा खणून गारगोटीचा दगड वर काढतात. परवाना बहुतेकांकडे नसतो. जगात दीड ते दोन कोटी माणसं या कामावर जगतात, त्यांत ४० ते ५० लाख बायका आणि मुलं आहेत. जगातल्या सोन्याचा साधारण पाचवा हिस्सा यांच्या हातून निघतो.

आपल्या देशातही नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारी माणसं आहेत. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी, केरळात निलांबूरच्या बाजूला. कोलारची मोठी खाण मात्र २००१ साली बंद झाली. आज रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण चालू आहे, पण तो सरकारी कंपनीचा, वेगळ्या पद्धतीचा कारभार.

पारा सोन्याचं नेमकं काय करतो?

सोन्याचे बारीक कण वाळूत किंवा दळलेल्या दगडात विखुरलेले असतात. इतके बारीक, की चिमट्याने उचलता येत नाहीत. पाऱ्याला सोन्याची ओढ आहे. वाळूला तो शिवत नाही, सोन्याला मात्र लगेच चिकटतो आणि त्याला आपल्यात ओढून घेतो. घमेल्यात ओल्या मातीवर थोडा पारा ओतून हाताने चोळत राहिलं की कण गोळा होतात आणि एक पांढरट, लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. तो फडक्यात घालून पिळतात. जास्तीचा पारा कापडातून थेंबाथेंबाने गळतो आणि आत सुपारीएवढी घट्ट गोळी उरते. त्या गोळीत साधारण अर्धं सोनं, अर्धा पारा.

आता पारा घालवायचा कसा? तापवून. पारा ३५७ अंशांना उकळतो, सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणून गोळी पत्र्यावर किंवा जुन्या फावड्यावर ठेवून खालून जाळ लावतात. पारा वाफ होऊन उडून जातो आणि मागे राहतं स्पंजासारखं सच्छिद्र, मळकट पिवळं सोनं. हे सगळं अनेक ठिकाणी चुलीवरच होतं, ज्या चुलीवर सकाळी भात शिजला होता त्याच चुलीवर, आणि बाजूला मुलं बसलेली असतात.

गोष्ट इथेही संपत नाही. त्या स्पंजी सोन्यात थोडा पारा उरलेलाच असतो. ते सोनं तालुक्याच्या दुकानदाराकडे जातं, तो ते पुन्हा वितळवतो, आणि उरलेला पारा बाजारपेठेच्या मधोमध हवेत सुटतो.

सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे पारा थेट गिरणीतच ओतणं. अख्ख्या दगडाबरोबर तो दळला जातो, त्याचे पिठासारखे बारीक थेंब होतात. ते थेंब सोनं धरून ठेवत नाहीत, उलट थोडं सोनं घेऊन गाळाबरोबर वाहून जातात. या पद्धतीत एक ग्रॅम सोन्यामागे तीन ग्रॅमपासून पन्नास ग्रॅमपर्यंत पारा जातो. आधी वाळू धुऊन जड भाग वेगळा काढला आणि फक्त त्यालाच पारा लावला, तर जेवढं सोनं जवळपास तेवढ्याच पाऱ्यात काम भागतं. एवढा एक बदल केला तरी फरक केवढा पडतो, पाहा.

इतकं विषारी आहे तर लोक वापरतात कशाला? त्यांना कळत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि त्यातला "कळत नाही का" हा सूर मला खुपतो. पुष्कळांना कळतं. पण पारा स्वस्त आहे, खिशात मावतो, शिकायला एक दिवस पुरतो आणि एकट्या माणसाला वापरता येतो. सकाळी खणलं, दुपारी धुतलं, संध्याकाळी सोनं विकून घरी तांदूळ नेला. ज्याच्या घरात उद्याचं धान्य नाही त्याला "महिनाभर थांब, मशीन येईल" असं सांगून भागत नाही. त्यात पुष्कळ ठिकाणी पारा उधारीवर देणारा आणि सोनं विकत घेणारा व्यापारी एकच असतो. उधारी फिटेपर्यंत माणूस त्याच्या दारातून हलू शकत नाही. आपल्याकडची सावकारी ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे, त्यांना हे फोड करून सांगायला नको.

यातून किती पारा बाहेर पडतो?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१५ सालचा हिशेब मांडला. माणसाच्या कामांमुळे वर्षाला सुमारे २२२० टन पारा हवेत गेला. त्यातला ८३८ टन, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के, छोट्या सोनेखाणींतून. कोळशाच्या जाळण्यापेक्षाही जास्त. जमिनीत आणि नदीत जाणारा पारा याशिवाय.

पाऱ्याची वाफ शरीराला काय करते?

पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. म्हणून माणूस सावध होत नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि तिथून मेंदूत व मूत्रपिंडात पोचतो. पोटातल्या बाळापर्यंतही तो जातो. दिवसेंदिवस थोडी थोडी वाफ घेणाऱ्या माणसाचे हात कापू लागतात, झोप उडते, गोष्टी आठवत नाहीत, हिरड्या सुजतात, स्वभाव चिडका आणि बुजरा होतो. साधी धुळीची मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही.

माझे काका नथीच्या कामासाठी नावाजलेले होते. बारीक तारेत मोती ओवताना त्यांचा श्वाससुद्धा थांबायचा. पन्नाशीच्या आसपास त्यांचा उजवा हात कापू लागला. पहिल्यांदा सही बिघडली, मग मोती ओवता येईना. तार भोकापर्यंत जायची आणि बाजूलाच टेकायची, पुन्हा, पुन्हा. एका दवाखान्यात त्यांना "दारू सोडा" असं सांगण्यात आलं. काकांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. कामाला काय काय वापरता, भट्टी कुठे आहे, खिडकी आहे का, हे त्यांना कोणी विचारलंच नाही. पाऱ्याची तपासणी झाली नाही, त्यामुळे कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण तो प्रश्न न विचारला गेल्याचं दुःख माझ्या मनातून आजही जात नाही. सोनार, झारेकरी (सोनाराच्या केरातून सोनं काढणारे), दातांचे जुने कारागीर यांच्यापैकी कोणाचे हात कापत असतील, तर डॉक्टरना आपला धंदा आधी सांगा.

पारा चुकून गिळला गेला तर?

थर्मामीटरमधला थेंब पोटात गेला तर तो जवळजवळ तसाच बाहेर पडतो, आतड्यातून फारसा शोषला जात नाही. तरी डॉक्टरना दाखवा. खरा धोका आहे तो वाफेचा, आणि माशांमधून येणाऱ्या पाऱ्याचा.

मासे खायचे की नाही?

खायचे! गोव्यात बसून मी दुसरं काही सांगणार नाही, आणि शास्त्रही तसं सांगत नाही.

पण प्रकार समजून घ्या. हवेतला आणि ओढ्यातला पारा शेवटी नदीच्या, खाडीच्या गाळात बसतो. जिथे गाळात हवा पोचत नाही तिथे काही जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप फार वाईट, कारण ते अन्नातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. शेवाळ्यातून कोळंबीत, कोळंबीतून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात असं ते प्रत्येक पायरीला वाढत जातं. म्हणून जो मासा दुसरे मासे खाऊन मोठा होतो आणि पुष्कळ वर्षं जगतो, त्याच्यात ते जास्त साठतं. मोठी मोरी (शार्क), मोठा ट्यूना, तलवारमासा यांत जास्त. तारल्या, बांगडे, सुंगटं (कोळंबी) यांत कमी. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मोठ्या मोरीऐवजी तारल्या-बांगडे खावेत, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं मिथाइल पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडलं जात होतं. तिथले कोळी तेच मासे खात. आधी मांजरं नाचल्यासारखी तडफडून मेली, मग माणसं आजारी पडली. १ मे १९५६ ला या आजाराची अधिकृत नोंद झाली. आईला फारसं काही झालेलं नसताना बाळं मात्र जन्मतः पंगू निपजली. खाडीवर जगणाऱ्या माणसाने ही गोष्ट विसरू नये.

पाऱ्याशिवाय सोनं निघतं का?

निघतं, आणि पुष्कळदा जास्त निघतं. सगळा विषय या एका वाक्यावर उभा आहे.

आपल्या आया-आज्या तांदूळ रोळायच्या ते आठवा. पाण्यात तांदूळ हलकेच फिरवत वरचा वर ओतून घ्यायचा, खडा तळाशी राहतो. सोनं त्या खड्यासारखंच आहे. गारगोटी पाण्याच्या सुमारे अडीच पट जड, सोनं १९ पटींहून जड. त्यामुळे नीट रोळलं तर सोनं तळाशी बसणारच. छोट्या खाणीत यासाठी उतरत्या लाकडी पन्हळी वापरतात. तळाला जाड लोकरीचं किंवा खरखरीत कापड घालतात, त्यात जड कण अडकतात. पुढची पायरी म्हणजे हलतं टेबल. ते सुपासारखं काम करतं, म्हणजे हलवून हलवून हलकं एका बाजूला, जड दुसऱ्या बाजूला. शिवाय गोल फिरणारं यंत्रही असतं, ते बारीक कण धरतं. पण त्याआधी दगड नीट, योग्य बारीक दळला गेला पाहिजे. भरड दळलं तर सोनं दगडाच्या पोटातच राहतं, आणि मग पारा काय, मशीन काय, कोणीच ते काढू शकत नाही. पुष्कळ ठिकाणी खरी चूक गिरणीत होते आणि लोक ती पाऱ्याने भरून काढू पाहतात.

शेवटी मूठभर काळी, जड माती उरते, तिच्यात सोनं भरपूर. आता तिला पारा न लावता टाकणखार मिसळून मुशीत घालायची आणि भट्टीत तापवायची. टाकणखार ७४३ अंशांना वितळतो आणि सोबतच्या दगडमातीलाही लवकर वितळायला लावतो. त्याची काचेसारखी पातळ मळी होते, सोनं जड म्हणून तळाशी उतरतं आणि गार झाल्यावर मूस फोडली की पिवळा मणी हातात येतो. फिलिपिन्सच्या बेंगेट भागातले छोटे खाणकामगार ही रीत कित्येक वर्षं वापरत आले आहेत. बाहेरच्या लोकांनी ती तिथून शिकून घेतली आणि मग आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत तिचा प्रसार झाला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून वडिलांची टाकणखाराची डबी उघडून पाहिली. तीच पांढरी पूड, डाग लावण्याआधी, म्हणजे सांधा जोडण्याआधी, चिमूटभर टाकायची ती. आपल्या प्रत्येक सोनाराच्या बैठकीवर जी वस्तू आहे, तीच लाखो माणसांचा पारा सोडवू शकते.

टाकणखाराने सगळीकडे काम होतं का?

नाही, आणि जे कोणी "होतं" म्हणून सांगतात त्यांनी खाणकामगारांचं नुकसानच केलं आहे. माती आधी नीट रोळलेली हवी. दगडात गंधकाची खनिजं जास्त असतील तर सोनं मळीत अडकतं. शिवाय चांगली भट्टी आणि सवय लागते. एकदा जरी सोनं कमी निघालं तरी माणूस पुन्हा पाऱ्याकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून आधी त्याच्याच दगडावर, त्याच्याच डोळ्यांसमोर दोन्ही पद्धतींनी सोनं काढून तराजूत घालून दाखवावं लागतं. व्याख्यानाने हे काम होत नाही.

मोठ्या कारखान्यांत सायनाइड वापरतात. त्याने सोनं पुष्कळ निघतं आणि सायनाइड उन्हात विघटितही होतं, पण ते जातिवंत विष आहे. बांधीव टाक्या, शिकलेली माणसं, देखरेख असेल तरच. पाऱ्याने खराब झालेल्या गाळावर सायनाइड ओतणं तर कधीच नको. त्याने पारा विरघळून नदीत दूरवर पसरतो.

पारा लगेच सोडणं शक्य नसेल तर?

तर निदान तो हवेत जाऊ देऊ नये. त्यासाठी बंद भांडं असतं, ज्यात गोळी तापवून वाफ नळीतून बाहेर काढतात आणि गार करून पुन्हा पारा जमवतात. फेणीची भट्टी पाहिली आहे ना? भाणाखाली जाळ, वाफ नळीतून पुढे, थंड पाण्याने गार झालेल्या दुसऱ्या भांड्यात थेंब थेंब उतरतं. तत्त्व तेच. नीट बनवलेलं आणि नीट वापरलेलं भांडं ९५ टक्क्यांच्या आसपास पारा परत देतं, आणि तो पुन्हा वापरता येतो, म्हणजे खर्चही वाचतो. मात्र हे काम उघड्यावर करायचं, वस्तीपासून लांब, आणि भांडं पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.

लोक ते वापरायला का कचरतात? एक साधं कारण आहे. बंद भांड्यात आपलं सोनं दिसत नाही. उघड्या जाळावर गोळी पांढऱ्याची पिवळी होताना डोळ्यांना दिसते आणि जीव भांड्यात पडतो. म्हणून काही ठिकाणी काचेची झाकणं असलेली भांडी करून पाहिली गेली. कोणीतरी माणसाच्या मनातली भीती ओळखली, हे मला फार आवडलं.

सरळ बंदी का घालत नाहीत?

पेरूमध्ये माद्रे दे दिओस हा ॲमेझॉनचा जंगलप्रदेश आहे. मे २०१६ मध्ये पाऱ्यामुळे तिथे साठ दिवसांची आणीबाणी जाहीर झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये हजाराहून अधिक पोलीस आणि सैनिक घालून ला पांपा भागातल्या बेकायदा खाणी उठवल्या. त्या पट्ट्यात खाणकाम थांबलं, पण पुष्कळ माणसं बाजूच्या भागात जाऊन पुन्हा खणू लागली.

मंगोलियाने २००८ मध्ये खाणींतल्या पाऱ्यावर बंदी घातली. पण तिथे त्याच्या जोडीला छोट्या खाणकामगारांना कायदेशीर ओळख मिळू लागली आणि पाऱ्याशिवाय दगड दळून, रोळून देणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. आपला दगड घेऊन जा, पैसे द्या, सोनं घेऊन या. भात कांडायला गिरणीत नेतो तसं.

आपण गोवेकरांनी खाणी बंद झाल्या तो सप्टेंबर २०१२ पाहिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरचा मार्च २०१८ही. खाणींतली लूट थांबायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतला, ज्यांचं गॅरेज, ज्यांची खानावळ खाणीवर चालत होती, त्यांच्या घरात पुढच्या महिन्यापासून काय शिजणार हे आधी कोणी ठरवलं नव्हतं. पेरूतल्या किंवा घानातल्या खाणकामगाराच्या दारात पोलीस पाठवले जातात तेव्हा मला आमच्या शेजारच्या घरातलं ते वर्ष आठवतं.

मिनामाता करार काय सांगतो? भारत त्यात आहे का?

हा करार ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने सप्टेंबर २०१४ मध्ये सही केली आणि जून २०१८ मध्ये तो मंजूर केला. छोट्या सोनेखाणी ज्या देशांत मोठ्या प्रमाणावर आहेत त्यांनी स्वतःचा कृती आराखडा करायचा आहे. चार गोष्टी आधी बंद करायच्या: अख्ख्या दगडाला पारा लावणं, गोळी उघड्यावर जाळणं, वस्तीत जाळणं आणि पारा न काढताच गाळाला सायनाइड लावणं. पारा ताबडतोब पूर्ण बंद करा, असं करार म्हणत नाही. काही लोकांना तो त्यामुळे मवाळ वाटतो. मला तो शहाणपणाचा वाटतो.

२०१९ पासून 'प्लॅनेटगोल्ड' नावाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रमही केनिया, गयाना, इंडोनेशिया, फिलिपिन्स, मंगोलिया अशा देशांत राबवला गेला. पाऱ्याविना प्रक्रिया, परवाना आणि कर्ज या तिन्ही गोष्टी तो एकत्र धरतो. कर्ज महत्त्वाचं, कारण हलतं टेबल फुकट येत नाही.

हॉलमार्क असला म्हणजे सोनं पाऱ्याविना काढलेलं असतं का?

नाही. हॉलमार्क शुद्धता सांगतो, जन्म सांगत नाही.

मग दागिना घेताना काय करता येईल?

सगळ्यांत सोपं म्हणजे घरातलं जुनं मोडून नवं करून घ्या. आपल्याकडे ही रीत आहेच. मोठ्या पेढीत घेत असाल तर विचारा, "हे सोनं कुठून येतं?" उत्तर मिळणार नाही कदाचित, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक व्यापाऱ्याला विचारतो. 'फेअरमाइन्ड' आणि 'फेअरट्रेड' असे शिक्के छोट्या खाणींच्या सोन्याला मिळतात. त्यांचे नियम कडक आहेत, पण ते सोनं आपल्या बाजारात सहज दिसत नाही.

अंगावरच्या दागिन्यातून पारा शरीरात जातो का?

जात नाही. सोनं शुद्ध करताना हजार अंशांहून जास्त तापवून वितळवलेलं असतं, त्यात पारा टिकत नाही. तुमचं मंगळसूत्र निर्धास्त घाला.

आमच्या सोनाराकडेही पारा वापरतात का?

सगळे नाही, पण कामाच्या काही जागी वापरला जात आला आहे. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, पाय पुसायचं पोतंसुद्धा कोणी फेकत नाही, कारण त्यात सोन्याचा कीस असतो. झारेकरी तो केर विकत घेतो, धुतो, आणि पुष्कळदा पारा लावून सोनं काढतो. म्हणजे आफ्रिकेतल्या खाणीत जे घडतं तेच, फक्त दाटीवाटीच्या गल्लीत. देवाच्या मूर्तीवर, कळसावर चढवायचा जुना पाऱ्याचा मुलामाही असाच. सोनं पाऱ्यात कालवून तांब्यावर फासायचं आणि तापवून पारा उडवायचा. मुलामा शंभर वर्षं टिकतो, कारागीर तेवढा टिकत नाही. आता विजेच्या मुलाम्याची सोय आहे, मूर्तीसाठी तोच मागा.

सोनारबांधवांना माझी विनंती: केर आधी जाळून, चाळून, पाण्यात रोळा आणि उरलेलं टाकणखार घालून आटवा. आटवायचं काम स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत करू नका. खिडकी उघडी असून भागत नाही, धूर ओढून बाहेर टाकणारं धुराडं हवं, आणि ते शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नको.

थर्मामीटर फुटला, पारा अंगठीला लागला आणि अंगठी पांढरी झाली. काय करू?

ही अंगठी कुठल्याही परिस्थितीत गॅसवर धरू नका. पुष्कळ ठिकाणी सोनारही अशी अंगठी फुंकणीच्या जाळावर धरतो, दोन मिनिटांत ती पिवळी होते आणि गिऱ्हाईक खूश होतं. ती दोन मिनिटं म्हणजे त्या खाणकामगाराचं फावडंच. अंगठी झाकण असलेल्या बरणीत ठेवा, सोनाराला खरं कारण सांगा, आणि तो काम उघड्या हवेत, लांब उभं राहून करेल याची खात्री करून घ्या.

जमिनीवर सांडलेला पारा झाडूने झाडू नका, व्हॅक्यूम लावू नका. दोन्हींनी थेंब बारीक होऊन पसरतात. मुलांना बाहेर काढा, पंखा बंद, खिडक्या उघड्या. दोन जाड पुठ्ठ्यांनी थेंब एकत्र ढकला, उरलेले चिकटपट्टीने उचला. फटींत गंधकाची पूड टाका. सगळं बरणीत घालून घट्ट बंद करा.

शरीरात पारा आहे का, हे कसं कळतं?

वाफेचा पारा लघवीच्या तपासणीत दिसतो, माशांतला पारा रक्तात किंवा केसांत. कुठली तपासणी हवी हे धंद्यावरून ठरतं. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा कुठेही गेलात तरी "मी सोनारकाम करतो, पारा वापरतो" हे पहिलं वाक्य असू द्या. बाजारातलं "पारा काढणारं" कुठलंही चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नका. उपाय एकच, आधी पाऱ्यापासून दूर होणं. मग पुढचं डॉक्टर ठरवतील.

वडिलांच्या वेळची पाऱ्याची बाटली घरात आहे. तिचं काय करू?

विहिरीत नको, मोरीत नको, नदीत तर मुळीच नको. पंचायतीच्या कचऱ्याच्या पिशवीतही नको. भंगारवाल्याला विकलात तर ती पुन्हा कोणाच्या तरी चुलीवर जाईल. बाटलीचं बूच पक्कं करा, ती प्लास्टिकच्या जाड डब्यात उभी ठेवा, भोवती कोरडी वाळू किंवा कापूस भरा, बाहेर मोठ्या अक्षरांत "पारा" असं लिहा. मग गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे घातक कचऱ्याबद्दल चौकशी करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोपवा.

आमची बाटली मी अशीच काढली. उचलताना दोन्ही हात लावले, तरी पुन्हा लहानपणासारखीच जड वाटली. टाकणखाराची डबी मात्र ठेवून घेतली आहे.